वृषालीची कच्ची भांडी

नगरहून सोलापूर रस्त्याला, कॅन्टोन्मेंट मागे टाकल्यावर, एक बंद पडलेली पोल्ट्री होती. पुण्यातल्या कॉलेजात सिरॅमिक्स शिकवून निवृत्त झालेल्या सूर्यभान सरांनी ती शेड घेतली, जाळ्यांवर पत्रे ठोकले, आत दोन चाकं बसवली आणि मागच्या अंगाला विटांची मोठी भट्टी बांधली. सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये जयमाला साळवे तिथे शिकायला आली, तेव्हासुद्धा हवेत ओल आली की कोंबड्यांचा वास सुटायचा.

जयमाला जामखेडची. वडील एसटीत कंडक्टर. तिचं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, झालं होतं, त्यामुळे कुठल्याही शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागता आलं असतं, आणि घरच्यांना तेच हवं होतं. पण डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी तिने एकदा फिरत्या चाकावरच्या मातीला हात लावला आणि त्यानंतर तिचं मन दुसऱ्या कशात रमेना. मुंबईच्या कॉलेजात तिने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा नाव लागलं नाही. शेवटी वडील म्हणाले, "एक वर्ष देतो. नगरला ते सर आहेत त्यांच्याकडे शीक. पुढच्या उन्हाळ्यात मुंबईला लागली तर जा. नाही लागली तर मी म्हणेन ती शाळा आणि मी म्हणेन ते स्थळ."

मुंबईच्या मुलाखतीला स्वतः केलेली, भाजलेली कामं न्यावी लागायची. कच्ची मातीची भांडी कुणी बघत नाही. ती प्रवासात टिकतही नाहीत.

पहिल्या दिवशी सरांनी तिला चाक दाखवलं, माती भिजवायचा हौद दाखवला. मग ते आतल्या भिंतीपाशी थांबले. तिथे खालपासून वरपर्यंत फळ्या होत्या आणि सगळ्या फळ्या भांड्यांनी भरलेल्या. मोठ्या पोटाची, गळ्याशी एकदम आवळलेली भांडी. खांद्यावर बोटांच्या पेरांनी उमटवलेल्या ओळी, बाजरीच्या कणसासारख्या दाट. सगळी कच्ची, राखाडी, वाळून खडखडीत झालेली.

"यांना हात लावायचा नाही," सर म्हणाले.

"कुणाची आहेत?"

"वृषालीची. तुझ्या आधी होती इथे." आणि ते बाहेर निघून गेले.

बाकीचं तिला हळूहळू कळलं. वृषाली मिरजगावची. वर्षभर इथे शिकली. गेल्या दिवाळीच्या आधी तिला कावीळ झाली, ती अंगावर काढली, आणि सरकारी दवाखान्यात नेल्यावर ती परत आलीच नाही. तिचं सगळं काम या फळ्यांवर राहिलं.

जयमालाला ठेवायला जागाच उरली नव्हती. ती आपली भांडी जमिनीवर, फाटक्या पोत्यांवर ओळीने मांडायची. रात्री घुशी यायच्या, सकाळी दोन-तीन आडवी झालेली असायची. तरी ती करत राहिली. तिचे हात अजून अडाणी होते. मातीचा गोळा मधोमध बसायचा नाही, भिंत वर चढता चढता एका बाजूला कलायची. दिवसाच्या शेवटी खांदे भरून यायचे आणि जेमतेम एखादं भांडं ठेवण्याजोगं निघायचं. माळीवाड्यात लांबच्या आत्याकडे ती राहत होती. तिथे परत जाताना तिला रोज वाटायचं की आजचा दिवस फुकट गेला.

सर शिकवायचे चांगलं. मागे उभे राहून तिच्या कोपराला फक्त बोट लावायचे आणि चाक लगेच ऐकायला लागायचं. पण भट्टीचं नाव काढलं की ते बदलायचे. "भट्टी भरू दे," म्हणायचे. "अर्ध्या भट्टीला लाकूड घालणं परवडत नाही." कधी लाकूड ओलं आहे, कधी चिमणीला तडा गेलाय. भट्टीच्या तोंडाशी गवत उगवलं होतं. वृषाली गेल्यापासून ती पेटलीच नव्हती.

आणि रंगुबाई यायच्या.

वृषालीची आई. पन्नाशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे. मिरजगावहून एसटीने यायच्या. दारात चप्पल काढून म्हणायच्या, "जयभीम, सर." सर खुर्चीतून उठून "जयभीम, रंगुबाई" म्हणायचे आणि लगेच काहीतरी काम काढून मागे जायचे. रंगुबाई फळ्यांसमोर बसायच्या आणि एकेक भांडं मांडीवर घ्यायच्या. पदराने धूळ पुसायच्या, बोटांच्या ओळींवरून स्वतःचं बोट फिरवायच्या. त्यांना कुणी अडवायचं नाही.

पहिल्यांदा त्यांनी जयमालाला विचारलं, "कुठली गं तू?"

"जामखेडची, मावशी. साळव्यांची."

"आपलीच की." मग मांडीवरच्या भांड्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ही माती आमच्या तळ्यातली हाय. पोरगी म्हनली, मला माझ्या गावची माती पाहिजे. मग मी डोक्यावर आनली. पाटीवर पाटी. ष्टॅंडवर ष्टीवाला चढू देईना, तरी आनली."

त्या गेल्यावर जयमालाने झाडायला घेतलं. फळ्यांखाली राखाडी भुकटी पडली होती. तिने वर पाहिलं. भांड्यांच्या कडा झिजल्या होत्या. काही ओळी तर पार पुसट झालेल्या. कच्ची माती ती; दर वेळी पदर फिरला की थोडी थोडी उतरत होती. रंगुबाई मायेने हात फिरवून लेकीची भांडी संपवत होत्या, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

जुलैत रंगुबाईंनी सरांना गाठलंच. "सर, तेवढं भाजून द्या ना. पक्की करून द्या. घरी निऊन ठिवते."

"बघू, रंगुबाई. पाऊस संपू द्या."

"मागल्या टायमाला बी तुमी आसंच म्हनला."

सर चष्मा पुसत राहिले.

ऑगस्टमध्ये एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी जयमाला आली तर पत्र्याचा सांधा उघडा पडून पाणी नेमकं तिच्या पोत्यांवर आलेलं. तिची सगळी भांडी बसली होती. नुसता चिखल, त्यात मधूनच एखादी कड, एखादा कान. जूनपासून केलेलं सगळं. ती तिथेच उकिडवी बसली. रडूही येईना. वृषालीच्या फळ्या मात्र कोरड्या होत्या.

सर आले, त्यांनी पाहिलं, म्हणाले, "माती वाया जात नाही. हौदात टाक, पुन्हा मळ."

"पुन्हा करून काय करू, सर?" तिचा आवाज चढला. "भट्टी कधी पेटणार? मी भाजलेलं काय घेऊन जाऊ मुंबईला? तुम्ही त्या बाईंनाही नाही म्हणता, मलाही नाही म्हणता. मग मी इथे येते कशाला?"

सर छत्री मिटून उभे होते. मग एवढंच म्हणाले, "तुला माहीत नाही."

"मग सांगा."

सर छत्री उघडून बाहेर गेले.

त्या आठवड्यात सर डोळे दाखवायला पुण्याला गेले. स्टुडिओत एक छोटी विजेची भट्टी होती, रंगांचे नमुने तपासायला. त्यात एखादं लहान भांडं जेमतेम मावायचं. जयमालाने दोन दिवस विचार केला. मग वृषालीच्या खालच्या फळीवरची एक लहान वाटी उचलली आणि त्या भट्टीत ठेवली. तिला सरांना दाखवायचं होतं की बघा, काही होत नाही, भांडी नीट भाजतात. त्यांची भीती मोडली की मोठी भट्टी पेटेल, आणि तिचंही काम त्यात जाईल. लाइट दोनदा गेली. संध्याकाळपर्यंत तरी भट्टी तापली.

दुसऱ्या दिवशी तिने झाकण उघडलं. वाटी लालसर, तांबूस निघाली होती. ओळी सुरेख उठल्या होत्या. टिचकी मारली तर खणखणीत वाजली. जयमाला एकटीच हसली. वाटी तिने खिडकीत ठेवली आणि सर यायची वाट बघू लागली.

दोन दिवसांनी वाटीच्या पोटावर एक टवका उडालेला दिसला. टवक्याच्या खळगीत पांढरा ठिपका. तिला वाटलं, कुठे लागली असेल. संध्याकाळी आणखी दोन उडाले. सर परत आले त्या सकाळी वाटीचे तीन तुकडे झाले होते, आणि प्रत्येक तुकड्यात पांढऱ्या पिठासारखे फोड.

सरांनी तुकडा हातात घेतला. रागावले नाहीत. स्टुलावर बसले.

"चुनखडी," ते म्हणाले. "त्या तळ्याच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे आहेत. भट्टीत त्यांची कळी होते, कळीचा चुना. बाहेर काढलं की तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि भांडं आतून फोडतो. मी वृषालीला सांगितलं होतं. ती म्हणाली, चाळून घेते. चाळली तिनं, पण एवढी बारीक कुठे चाळली जाते?"

"मग तुम्ही मावशींना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुम्ही डोक्यावर वाहून आणलेल्या मातीनंच तुमच्या मुलीचं काम फुटणार आहे, हे?" "आणि भट्टी पेटवली तर त्या म्हणणार, माझ्या पोरीची भांडी घाला. म्हणून पेटवली नाही. तुझं नुकसान झालं, ते मला दिसत होतं."

जयमालाने दुसरा तुकडा उचलून पाहिला. तिला आत्तापर्यंत वाटत होतं की कुठलं तरी एक दार ढकललं की उघडेल. भाजलं नाही तर ही भांडी हाताखाली झिजून जाणार, भाजलं तर फुटणार.

पुढच्या आठवड्यात रंगुबाई आल्या. बसल्या आणि लगेच उठल्या.

"हितली वाटी कुठं हाय?"

शेकड्याने भांडी होती. तरी त्यांना कळलं. सर मागे होते. जयमालाचे हात मातीने भरलेले. तिने चाक थांबवलं.

"मी भाजून बघितली, मावशी. फुटली."

"फुटली?" रंगुबाई तिच्याजवळ आल्या. "कुनाला इचारून? तुला कुनी सांगितलं हुतं तिला हात लावायला? लेकीचं एवढंच ऱ्हायलंय माझ्याकडं, आन तू…" त्यांनी जयमालाच्या दंडाला धरलं आणि गदागदा हलवलं. "तुझी जागा आडली म्हनून? जागा पाहिजे हुती तुला?"

"नाही, मावशी, मला वाटलं…"

"तुला काय वाटायचं!"

तेवढ्यात सर आत आले. "तिची चूक नाही, रंगुबाई. ती सगळीच फुटतील. मातीत चुनखडी आहे."

रंगुबाईंचा हात सुटला. "कुठल्या मातीत?"

सरांनी फळ्यांकडे पाहिलं.

"माझ्या मातीत?"

"तळ्यातच आहे ती," सर म्हणाले. "तुम्हाला कसं कळणार? कुणालाच दिसत नाही."

रंगुबाई खाली बसल्या. पाय सरळ करून, लहान पोरीसारख्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुकडं कुठं हायेत?"

जयमालाने कागदात बांधून ठेवलेले तुकडे आणून दिले. रंगुबाईंनी ते पदरात घेतले. लाल तुकड्यावरच्या ओळींवर बोट फिरवलं. या वेळी बोटाला भुकटी लागली नाही.

"किती टिकली?"

"चार-पाच दिवस."

"आवाज कसा यायचा?"

जयमालाला आधी प्रश्न कळला नाही. मग ती म्हणाली, "खणखणीत. अगदी पितळेसारखा."

आता रंगुबाईंचा बांध फुटला. हुंदक्यांतून त्या काय म्हणत होत्या ते तुटक तुटक ऐकू येत होतं. पोरगी दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुण्याला हलवू नका, वाटेत जाईल. त्यांनी हलवलं नाही. ती कॉटवर पडून राहिली, आणि तशीच गेली. "हालवली आसती तर ऱ्हायली आसती का गेली आसती, मला काय ठावं? पन मी काय केलंच न्हाई. नुसती उशाला बसले." त्यांनी डोळे पुसले आणि सरांकडे पाहिलं. "भाजा. सगळी भाजा. फुटली तर फुटू द्या."

"रंगुबाई, नीट विचार करा."

"इचार कराया मानूस ऱ्हायलंय कुठं? हितं बसते तवा मी इचारच करते. भाजा."

सर मग म्हणाले, "एक गोष्ट आहे. मी कधी केलेली नाही, पण वाचली आहे. भांडी भट्टीतून काढली की कोमट असतानाच पाण्यात बुडवायची. चुना एकदम विरतो, फुगायला वेळ मिळत नाही. काही वाचतात. किती वाचतील, सांगता येत नाही."

लाकूड बाभळीचं आणलं. जयमालाने भट्टीपुढचं गवत उपटलं, चिमणीचा तडा लिंपला. भट्टी भरायला रंगुबाई स्वतः आल्या. भांडी फळीवरून त्या उचलायच्या, जयमालाकडे द्यायच्या, जयमाला आत वाकून सरांच्या हातात. जयमालाशी त्या शब्दही बोलत नव्हत्या. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ अजून होते. पावसानंतर जयमालाने केलेली थोडी भांडी सरांनी मधल्या रिकाम्या जागी बसवली. तिची पुरती वाळली नव्हती. सरांनी ते बोलून दाखवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "पुढची भट्टी कधी लागेल कोण जाणे."

उजाडताच जाळ घातला. हळूहळू अंगण असं तापलं की जवळ उभं राहवेना. रंगुबाई तरी जवळच बसून होत्या. सकाळी केव्हातरी आतून एक दबका फट् आवाज आला, मग आणखी एक. रंगुबाईंनी छातीला हात लावला.

"तुमची नाहीत ती," सर हळूच म्हणाले. "ओल्या मातीचा आवाज आहे."

जयमालाला कळलं. तिची भांडी फुटत होती. ती लाकूड उचलत राहिली.

दिवस मावळायच्या सुमाराला सरांनी भोकातून आत पाहिलं, सगळं नारिंगी झालं होतं. त्यांनी भट्टीचं तोंड बंद केलं. भट्टी निवेपर्यंत रंगुबाई गावी गेल्या नाहीत, जयमालासोबत आत्याकडेच राहिल्या.

भट्टी उघडली तेव्हा वृषालीची भांडी उभी होती. एकूणएक. तांबूस, भरदार. सर नुसते बघत राहिले. रंगुबाईंनी एकाला गालाशी धरलं; अजून ऊब होती.

"चला, पाण्यात," सर म्हणाले.

हौद काठोकाठ भरलेला होता. जयमालाने पहिलं भांडं बुडवलं. फसफस करून बुडबुडे वर आले, भांडं पाणी पिऊ लागलं. मग दुसरं, तिसरं. काही वेळाने तळातून टक्, टक् असा आवाज येऊ लागला, आणि पाणी ताकासारखं पांढरं होत गेलं. रंगुबाईंनी बाह्या वर सारून हात घातला आणि एक भांडं वर काढलं. ते त्यांच्या हातातच उकललं. त्यांनी दुसरं काढायला हात घातला. सरांनी त्यांचा दंड धरला.

"राहू द्या. त्यांचं त्यांना होऊ द्या."

रंगुबाई हौदाच्या कडेला डोकं टेकून बसल्या. "बुडवली मी," एवढंच म्हणत राहिल्या. जयमाला त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी तिला दूर केलं नाही.

संध्याकाळी हौद उपसला. निम्म्याहून जास्त तुकडे होते. उरलेली उन्हात मांडली. पुढच्या काही दिवसांत त्यातलीही बरीच गेली. सकाळी सकाळी टवके पडलेले असायचे आणि जयमाला ते गोळा करून पाटीत टाकायची. शेवटी जी राहिली ती रंगुबाईंनी कडब्यात गुंडाळून एका टेम्पोने गावाला नेली. जयमालाचं त्या भट्टीतून काहीच हाती आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाण्याआधी ती मिरजगावला उतरली. बोलावलं नव्हतं कुणी. वस्तीत विचारत विचारत गेली. घर लहान, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली वृषालीचा फोटो. कोपऱ्यात भांडी. मोजकीच उरली होती. मोठ्या एकाच्या पोटावर पांढरा खड्डा पडला होता, पण ते उभं होतं.

"ऱ्हायलीत एवढी," रंगुबाई म्हणाल्या. "ही बी जात्याल का?"

जयमालाला खोटं बोलावंसं वाटलं. "माहीत नाही, मावशी. आता एवढे दिवस राहिलीत, तर कदाचित राहतील."

रंगुबाईंनी मान हलवली. चुलीपुढे बसून त्यांनी भाकरी थापली, ताटात पिठलं वाढलं. जयमाला जेवत होती तेव्हा त्या तिच्याकडे बघत बसल्या.

"तुझं गं? मुंबईला कधी जायाचंय?"

"मे महिन्यात बोलावतील. नेण्यासारखं काहीच नाही माझ्याकडे. सगळं फुटलं." तिने हातातला घास ताटात ठेवला. जूनपासूनचं सगळं एकदम वर आलं. ताटावर वाकून ती रडू लागली, आणि थांबवता येईना.

रंगुबाईंनी ताट बाजूला सारलं नाही, तिला उगी राहा म्हणाल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला.

"सर भट्टी लावत्याल आता?"

"म्हणालेत, जानेवारीत लावू."

"मंग जानेवारीला मी येते. लाकडं फोडायला मानूस लागंल तुला." त्या उठून तव्यावरची भाकरी उलटायला गेल्या. "जेव आता. पाच वाजता ष्टी हाय जामखेडची."